राखीव बळ

"अभिनंदन, त्रिशलाताई," फोनवरचा आवाज म्हणाला. "तुम्ही आता सक्षम आहात."

मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी अर्धी हयात गेली, पण अभिनंदन करायला कुणी फोन केल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे घास हातातच राहिला. आवाज माणसाचा नव्हता. शुश्रूषा योजनेचा तो मधाळ यंत्रआवाज होता. मयताची बातमीसुद्धा तो शुभेच्छा देऊनच सांगेल, असं मला नेहमी वाटतं.

"सक्षम म्हणजे कशासाठी?" मी विचारलं.

"आपल्या सासूबाई रत्नाबाई मगदूम यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर सुरक्षितपणे उचलण्यासाठी. घरच्या काळजीवाहक म्हणून आपलं नाव नोंदलेलं आहे. ताज्या मापनात आपलं बळ आवश्यक पातळीच्या वर गेलं आहे. त्यामुळे येत्या सोमवारपासून आपल्याकडची मदतनीस सेवा थांबवण्यात येत आहे."

"माझं नाव कुणी नोंदवलं?"

"कुटुंबप्रमुख भरतेश मगदूम यांनी, योजना घेतानाच. काळजीवाहकाला बळ वाढवता यावं म्हणून आपल्या घरातलं भिंतीवरचं व्यायामयंत्रही योजनेतर्फे बसवून दिलेलं आहे. आपल्या आरोग्याच्या वाटचालीला शुभेच्छा."

मी डब्याचं झाकण लावून टाकलं. ते यंत्र माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला आलं होतं. भरतेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याला लाल फीत बांधली होती आणि "तुझ्यासाठी," असं म्हणाला होता. मी खुळ्यासारखी डोळे पुसत त्याच्याकडे बघत राहिले होते.

*

त्या यंत्राचं मला एवढं काय वाटत होतं ते सांगायला हवं.

वाढदिवसाच्या आधीच्या पर्युषणात आमच्या सांगलीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला बसले होते. पूजा संपली, सगळ्या बायका उठल्या आणि मला उठता येईना. गुडघे दुखत नव्हते, पाय झोपले नव्हते. मांड्यांत जोरच नव्हता. शेवटी खांबाला धरून, फरशीवर हात टेकत, गुरासारखी उठले. मागून कुणीतरी हसलं. त्या हसण्याचा मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं. चाळिशी उलटली की न वापरलेला स्नायू दर वर्षी थोडा थोडा झिजतो, आणि पाळी थांबली की बायकांची हाडंही त्याच वाटेला लागतात. नुसतं चालून हे थांबत नाही. हाडाला आणि स्नायूला भारच लागतो. भार पडला की स्नायूच्या तंतूंना बारीकशी इजा होते, शेजारी दबा धरून बसलेल्या पेशी डागडुजीला येतात, स्वतःची केंद्रकं तंतूला देऊन टाकतात आणि तंतू पहिल्यापेक्षा जाड होतो. आलेली केंद्रकं पुढे व्यायाम सुटला तरी बराच काळ टिकून राहतात. म्हणून ज्यानं तरुणपणी अंग कमावलंय त्याचं अंग लवकर परत येतं.

"काही खेळत होता का शाळेत?" बाईंनी विचारलं.

मी खो-खो खेळायचे. जिल्ह्याला गेले होते. लग्नानंतर हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही विसरून गेले होते.

यंत्र दिसायला साधं होतं. भिंतीला एक उभी पट्टी आणि तिच्यातून निघणारी दोरी. लोखंडाच्या चकत्या वगैरे काही नाही. आतली मोटर दोरीला उलटं ओढते, आपण सांगू तेवढ्या जोरानं. दंडाला, मांड्यांना आणि कमरेला पट्टे बांधायचे. स्नायू कामाला लागला की त्याच्यात विजेचे बारीक ठोके पडतात, ते पट्टे ऐकतात. कुठला स्नायू राबतोय आणि कुठला टंगळमंगळ करतोय ते यंत्राला कळतं, आणि ते शांतपणे सांगतं: गुडघे बाहेर, छाती वर, कंबर मागे न्या.

सुरुवातीला मी खुर्चीवरून नुसती उठायचे आणि बसायचे. मग खुर्ची बाजूला गेली. मग दोरी हातात आली. पहाटे सगळं घर निजलेलं असताना मागच्या खोलीत मी आणि ती दोरी. सैपाक नाही, पेपर तपासणं नाही, "अगं ऐकलंस का" नाही. दिवसातली तेवढीच एक वेळ होती की मी जोर लावत होते आणि तो जोर माझ्याच अंगात राहत होता. एके दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतली बॅटऱ्यांची पेटी शिपायाची वाट न बघता मी उचलून टेबलावर ठेवली. पोरी बघत राहिल्या. मी काही झालंच नाही असं दाखवून ओहमचा नियम सुरू केला, पण तास संपेपर्यंत मला मनातून हसू येत होतं. पुढच्या पर्युषणात बस्तीत मी हात न टेकता उठले.

हे सगळं मी माझ्यासाठी करते आहे अशी माझी समजूत होती.

*

घरी आले तर शाहीन आत्तींना खुर्चीतून पलंगावर घेत होती. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावं अंग गेलं. तोंड मात्र शाबूत राहिलं. शाहीन नदाफ ही योजनेकडून येणारी मदतनीस. तिला योजनेचं उचल-जाकीट असे. पाठीला आणि कोपरांना मोटरी लावलेलं ते जाकीट घातलं की आत्तींना उचलताना तिच्या कमरेवर अर्धाही भार येत नसे. हे जाकीटही सोमवारपासून जाणार होतं. माझ्या कमरेला मोटर नव्हती. पण मी सक्षम होते ना.

भरतेश पुढच्या खोलीत पडद्यासमोर बसला होता. आमचा हळदीचा व्यापार. पूर्वी अडतीत जाऊन पोत्यात हात घालून हळद बघायला लागायची. आता सौदे पडद्यावर होतात आणि पोती यंत्रं हलवतात. तो दिवसभर घरीच असतो. हे लक्षात ठेवा.

"माझं नाव न विचारता कसं दिलंस?" मी दाराला टेकून विचारलं.

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "कसलं नाव?"

"काळजीवाहक म्हणून."

"अगं, ते होय? कुणाचं तरी द्यावं लागत होतं. मग घरातल्या बाईचंच देणार की. त्यात काय विचारायचं?"

"आणि वाढदिवसाची भेट?"

तेव्हा त्यानं वळून बघितलं. चेहऱ्यावर अपराध नव्हता, नुसता वैताग होता. "यंत्र यायचंच होतं. तुझा वाढदिवसही होता. दोन्ही एकदम झालं तर कुणाचं बिघडलं? आणि बघ की, किती फरक पडलाय तुझ्यात. सगळ्यांना सांगत असतो मी."

"शाहीन सोमवारपासून बंद."

"आला मला निरोप. चांगलंच आहे की एका परीनं. घरचं माणूस ते घरचं माणूस. आईलाही परक्या बाईचा हात आवडत नाही. तुझा व्यायाम पण होईल."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणतात ते मला त्या क्षणी अगदी जागच्या जागी कळलं. मी म्हटलं, "माझं कॉलेज?"

"सकाळचे तास घे. दुपारी ये. मी केलं असतं गं, पण माझी कंबर..."

त्याची कंबर. तिच्याबद्दलही सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हापासून ती कंबर आमच्या घरात देवासारखी आहे. गॅसची टाकी मी ओढायची, कारण कंबर. गावाला जाताना बॅगा मी घ्यायच्या, कारण कंबर. मामंजी शेवटच्या दिवसांत अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कूस बदलून द्यायला शेजारचे पाटीलकाका यायचे, पोटचा पोरगा उशाशी उभा राहून "हळू, हळू" म्हणायचा. कुणी कधी त्या कमरेचा फोटो काढला नाही की कधी औषध आणलं नाही. आम्ही सगळ्यांनी ती मानली, आणि वर्षानुवर्षं मीही मानली.

*

सोमवारी शाहीन जाकीट पेटीत भरून गेली. जाताना म्हणाली, "बाई, आत्तींना उचलताना अंगाला लावून घ्या. लांब धरू नका." तिला दुसऱ्या घरी लावलं होतं. त्या घरातली सून आजारी असते म्हणे. म्हणजे सून आजारी असेल तर मदतनीस मिळते, आणि धडधाकट असेल तर तीच मदतनीस होते.

मी योजनेला फोन केला. माझी नोकरी आहे, मी दिवसभर घरी नसते, असं सांगितलं. मधाळ आवाज म्हणाला, "काळजीवाहकाचं वेळापत्रक हा कुटुंबाचा अंतर्गत विषय आहे."

मग मी सकाळचे तास घ्यायला लागले. बारावीच्या पोरांना मधेच दुसऱ्या सरांकडे सोपवलं. सकाळी निघायच्या आधी आत्तींना खुर्चीत घ्यायचं, दुपारी येऊन पलंगावर, पुन्हा खुर्चीत, संध्याकाळी पुन्हा पलंगावर, आणि मधे न्हाणीघर. आत्ती तशा हलक्या, पण अर्धं निर्जीव अंग हातात आलं की त्याचं वजन दुप्पट लागतं. पहाटेची दोरी सुटली. दिवसाला पुरवायचं बळ पहाटे खर्चून कसं चालेल? जे अंग मी स्वतःसाठी उभं केलं होतं ते आता घरची सोय झालं होतं.

आत्तींना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. "कसं मस्त उचलतीयास गं," त्या माझ्या गळ्यात उजवा हात टाकून म्हणायच्या. "त्या शाहीनीपरीस तुझाच हात बरा. आणि भरतूला नको हां सांगू कधी. त्याच्या कंबरंला जपाय पायजे."

"माझ्या कंबरेला कोण जपणार, आत्ती?"

"तुला काय धाड भरलीया? धट्टीकट्टी हैस की."

मी त्यांना खुर्चीत नीट बसवलं. बोलले असते तर हातातून सोडून दिलं असतं, अशी माझी अवस्था होती.

*

पुढच्या महिन्याचं मापन आलं तेव्हा मी ठरवलं की लबाडी करायची. आयुष्यात प्रथमच. पट्टे बांधले, दोरी धरली आणि अर्ध्या जोरानं ओढली. तोंड वाकडं केलं, दात-ओठ खाल्ले, कण्हले.

"त्रिशलाताई," आवाज म्हणाला, "आपलं जवळजवळ निम्मं बळ राखीव आहे. कृपया मनापासून ओढावं."

मी खजील झाले, आणि आतल्या शिक्षिकेला मात्र कौतुक वाटल्याशिवाय राहिलं नाही. युक्ती सुरेख आहे. स्नायू म्हणजे तंतूंच्या शेकडो तुकड्या आणि प्रत्येक तुकडीला आपली एक नस. मेंदू लागतील तेवढ्याच तुकड्यांना उठवतो, बाकीच्या पडून असतात. आपण दोरी ओढत असताना यंत्र मधेच नसेला विजेचा एक बारीकसा टिचका देतं. सगळ्या तुकड्या आधीच कामाला लागलेल्या असतील तर टिचक्यानं काही होत नाही. पण काही झोपलेल्या असतील तर त्या दचकून उठतात आणि दोरीवरचा जोर क्षणभर उसळतो. वर्गात मी कधी कधी अचानक डस्टर टेबलावर आपटते. जे दचकतात ते झोपलेले असतात. तसंच हे. राखीव बळ किती ते त्या उसळीवरून कळतं. माणसाला खोटं बोलता येतं, त्याच्या मांडीला येत नाही.

संध्याकाळी भरतेशला सांगितलं. तो विचारात पडला. मला वाटलं, निदान आता तरी.

"मग असं कर," तो म्हणाला, "व्यायाम पूर्ण सोड. जरा जास्त विश्रांती घे. दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरेल बळ. मग शाहीन परत येईल. हाय काय त्यात?"

तो खरंच मदत करत होता. त्याच्या लेखी माझ्या अंगात आलेला जोर म्हणजे चुकून उघडा राहिलेला नळ होता, सोयीचा असेल तेव्हा वापरायचा आणि नसेल तेव्हा बंद करायचा. मी त्या खांबाला धरून पुन्हा गुरासारखी उठावं, म्हणजे त्याच्या घरचा प्रश्न सुटणार होता. माझ्यापुढे त्यानं दोन वाटा ठेवल्या होत्या, बळकट राहून राबायचं किंवा दुबळं होऊन सुटायचं. बळकट राहून माझी मी राहायचं, ही तिसरी वाट त्याला सुचलीच नाही.

"तुला लाज कशी वाटत नाही?" मी म्हटलं.

"आता मी काय केलं?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

*

मग महावीर जयंती आली.

आमच्याकडे पालखीला खांदा देण्याच्या मानाचे सवाल होतात. बस्तीत सगळ्यांसमोर बोली लागते आणि ज्याचा सवाल मोठा त्याचा मान. त्या वर्षी पुढच्या डाव्या खांद्याचा मान भरतेशनं घेतला. पांढरं धोतर, सदरा, उपरणं, कपाळाला गंध. लाकडी पालखी, तिच्यात मूर्ती, वर चांदीचं छत्र. वखारभागातून निघून गणपतीपेठेपर्यंत आणि परत. चैत्राचं ऊन. बाकीचे खांदेकरी मधे मधे बदलत होते. हा बदलेना.

मी बायकांच्या घोळक्यात चालत होते आणि माझी नजर त्याच्या कमरेवरून हलत नव्हती. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला भार कुठून कुठे जातो ते दिसतं. खांद्यावरचा भार पाठीत, पाठीतून कमरेत, कमरेतून टाचांत. चढावर मागचे दमले तेव्हा पालखी त्याच्याकडे कलली, आणि त्यानं गुडघे किंचित वाकवून ती उचलून सरळ केली. अगदी बिनचूक. यंत्रालाही चूक काढता आली नसती.

घरी येऊन तो हाश्शहुश्श करत सोफ्यावर बसला, सरबत प्याला आणि म्हणाला, "देवाचं ओझं वाटत नाही बघ."

आतल्या खोलीतून आत्तींनी मला हाक मारली. त्यांना खुर्चीत घ्यायचं होतं.

मी त्यांना खुर्चीत घेतलं. मग मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि योजनेला फोन केला.

"काळजीवाहकाचं नाव बदलता येतं का?"

"घरात राहणाऱ्या, सत्तरच्या आतल्या कुणाही प्रौढ व्यक्तीचं नाव देता येतं. त्या व्यक्तीला संमतीनं मापन करून घ्यावं लागेल."

"आणि तिचं बळ कमी भरलं तर?"

"तर मदतनीस सेवा त्याच दिवसापासून पूर्ववत."

"त्या घरात दुसरं कुणी बळकट असलं तरी?"

"आम्ही फक्त नोंदलेल्या व्यक्तीचं मोजतो, ताई."

मी फोन ठेवला. एवढे महिने मी यंत्रावर दात खात होते. यंत्र बिचारं खरंच बोलत होतं. त्यानं कुणाचं बळ मोजायचं हे मात्र माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं.

*

दुपारी जेवणं झाल्यावर मी बोलले. आत्ती खुर्चीतच होत्या, भरतेश त्यांच्याजवळ बसून पालखीचे फोटो दाखवत होता. आत्तींसमोर मी त्याला कायम अहोजाहो करते. त्या दिवशी केलं नाही.

"भरतेश, आजपासून आत्तींना मी उचलणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उचलणार नाही. पण एक उपाय आहे. काळजीवाहक म्हणून तुझं नाव लावायचं. तू यंत्रावर उभं राहायचं. तुझी कंबर अधू असेल तर यंत्र तसं सांगेल आणि शाहीन आजच्या आज परत येईल. दुखऱ्या पाठीतले आतले स्नायू रोडावलेले असतात, उशिरा जागे होतात. ते यंत्राला ऐकू येतं. तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही."

मी त्याचा चेहरा वाचत होते. नाही म्हणावं तर का, हे सांगावं लागणार. हो म्हणावं तर शाहीन परत येणार, सगळ्यांचीच सुटका. इतक्या वर्षांत त्याचा स्वतःचाही त्या कमरेवर विश्वास बसलेला होता, हे मला तेव्हा दिसलं.

"हे आधी का नाही सुचलं तुला?" तो उठत म्हणाला. "चल."

"भरतू," आत्ती म्हणाल्या. "नको जाऊस."

"असू दे गं आई, दोन मिनिटांचं काम."

"त्रिशला, त्याला त्या यंत्रावर नको चढवू. मी सांगते म्हणून. नको."

त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. मी त्यांची चाकाची खुर्ची ढकलून मागच्या खोलीच्या दारात आणली. बघू देत म्हटलं.

भरतेशनं आवाजाला संमती सांगितली. त्याच्या कमरेला, मांड्यांना मीच पट्टे बांधले. त्यानं दोरी धरली, अर्धवट वाकला आणि ओढली. चेहरा आधीच वेडावाकडा केलेला. टिचका बसला आणि दोरीवरचा आकडा बेडकासारखा उसळला.

"भरतेशजी, आपलं बरंचसं बळ राखीव आहे," आवाज म्हणाला. "कृपया मनापासून ओढावं."

"दुखतंय हो," तो म्हणाला.

"आपण प्रत्येक वेळी वेगवेगळ्या ठिकाणी थांबता आहात. दुखणारी पाठ दर वेळी एकाच ठिकाणी थांबते. पुन्हा ओढावं."

पुन्हा. पुन्हा. शेवटी तो चिडला आणि चिडून त्यानं खरंच ओढली. मोटर घुरघुरली.

"धन्यवाद. पाठीचे दोन्ही बाजूंचे स्नायू समान आणि निरोगी आहेत. दुखापतीची खूण आढळली नाही. आपलं बळ आवश्यक पातळीच्या पुष्कळ वर आहे. अभिनंदन, भरतेशजी. आपण सक्षम आहात."

पडद्यावर त्याचा आकडा आला. शेजारी तुलनेसाठी माझा होता. त्याचा माझ्या दीडपट होता. वर्षभर पहाटे उठून, घामानं भिजून, मी जे कणाकणानं मिळवलं होतं त्याच्या दीडपट बळ घेऊन हा माणूस रोज पडद्यासमोर बसून होता. त्यानं एक दिवस व्यायाम केला नव्हता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही, आणि त्या रागात रडू मिसळलेलं होतं हेही मी लपवत नाही. माझ्या बापाच्या वयाच्या पाटीलकाकांनी मामंजींना उचललं होतं, आणि हे बळ तेव्हा उशाशी उभं होतं.

"यंत्र चुकलंय," भरतेश म्हणाला.

"यंत्र न्हाई चुकलं," आत्ती दारातून म्हणाल्या.

आम्ही दोघंही वळलो.

"तुझ्या कंबरंला कवाच काय झालं नव्हतं. कॉलेजात हुतास. तुझा बाप तुला अडतीत पोती उचलाय लावायचा, हमालांच्या बरोबरीनं. मला बघवायचं न्हाई. मीच त्यास्नी सांगितलं, पोराची कंबर भरलीया. आणि तुला सांगितलं, कुणी विचारलं तर व्हय म्हण." त्या थांबल्या. "एवढंच म्हटलं हुतं. जन्मभर म्हण असं न्हाई म्हटलं."

भरतेशच्या हातात दोरी तशीच होती. पट्टे अजून बांधलेलेच होते. त्याला आठवत होतं की नाही कोण जाणे. मला त्याची दया आली असती, पण दया दाखवायला तेव्हा माझ्यापाशी काही शिल्लक नव्हतं.

"मला पलंगावर घ्या कुणीतरी," आत्ती म्हणाल्या. "पाठ दुखाय लागली."

मी हाताची घडी घातली.

भरतेशनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मी खुर्ची पलंगाजवळ नेऊन लावली आणि बाजूला झाले.

"तो पाडील मला," आत्ती म्हणाल्या. "तू घे की गं. तू चांगली घेतीस. पुरुषमाणूस हाय तो, त्याला काय येतंय यातलं?"

"शिकवते," मी म्हटलं. "भरतेश, पाय खुर्चीच्या दोन्ही बाजूंना घे. गुडघे वाकव, कंबर मागे. पाठीतून वाकू नको. त्यांचा उजवा हात तुझ्या गळ्यात. डावं अंग तुझ्या छातीशी धर, लोंबकळू देऊ नको. अजून जवळ. आई आहे तुझी, लांब काय धरतोस? आता टाचांवर जोर दे आणि ऊठ."

तो उठला. आत्तींनी डोळे गच्च मिटले होते आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर मुठीत पकडली होती. पांढरं धोतर सोडायचंही त्याला सुचलं नव्हतं. तो वळला, दोन पावलं टाकली, वाकला आणि त्यांना पलंगावर ठेवलं. उशी सरकली ती मी नीट केली नाही. त्यानंच केली.

मग तो सरळ झाला. धाप फारशी लागली नव्हती. चेहऱ्यावर हळूहळू एक हसू यायला लागलं, सकाळी बस्तीत पालखी उतरवल्यावर होतं तसलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "जमलं की गं."

"जमतच होतं," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. त्यानं आईकडे बघितलं. आत्तींनी मान भिंतीकडे वळवली होती.